सह्याद्री तोच, मग शोलाकिळी आपल्याकडे का नाही?

येऊरची पायवाट (ठाणे) – प्रश्न

नमस्कार. मे महिन्याच्या दुसऱ्या आठवड्यात आम्ही ठाण्याचे सहा जण निलगिरीत कोटगिरीला जाऊन आलो. तिथे पाहिलेल्या एका पक्ष्याविषयी आणि त्यानंतर मनात घोळत राहिलेल्या दोन-तीन गोष्टींविषयी इथल्या जाणकारांना विचारायचे आहे, म्हणून जरा सविस्तर लिहिते.

कोटगिरीजवळ लाँगवुड शोला नावाचे सुमारे ११६ हेक्टरांचे राखीव जंगल आहे. (शोला म्हणजे दक्षिणेतल्या उंच डोंगरांवरचे दाट सदाहरित जंगल.) चहाच्या मळ्यांतून चालत गेल्यावर मळा जिथे संपतो तिथे हे जंगल अचानक सुरू होते आणि आत पाऊल टाकताच उजेड निम्म्याने उतरतो. झाडे आपल्या येऊरच्या सावरीसारखी उंच नाहीत, पण त्यांचे शेंडे एकमेकांत इतके गुंतलेले आहेत की आभाळ तुकड्यातुकड्यांनीच दिसते; खोडांवर बोटभर शेवाळ, खाली नेचे आणि कुजत पडलेले ओंडके. सकाळी साडेसहाच्या सुमाराला आम्ही वाटेच्या कडेला उभे असताना झुडपातून एक शीळ आली. ती चढत-उतरत काही क्षण चालली आणि मध्येच तुटली. आवाज चार पावलांवरून येत होता, पण पक्षी दिसेना.

नंतर तो दिसला तो असा. एका ओल्या ओंडक्यावर चिमणीएवढा पक्षी उभा राहिला. उभे राहण्याची ढब आपल्या दयाळासारखी, पाय मात्र अंगाच्या मानाने लांब. डोके, पाठ, गळा आणि छाती गर्द पाटीच्या रंगाची, निळसर झाक असलेली. दोन्ही कुशी विटकरी. पोटाचा मधला भाग पांढुरका. त्याने चोचीने एक भिजलेले पान उलटले, त्याखालचे काहीतरी टिपले, आणि ते पान पुन्हा खाली टेकायच्या आत तो पलीकडच्या नेच्यांत शिरलासुद्धा. सगळे मिळून दोन सेकंद झाले असतील. ही निलगिरी शोलाकिळीच होती का?

दुसरा प्रश्न भूगोलाचा आहे. आपण शाळेपासून शिकलो की सह्याद्री ही एकच रांग तापीपासून कन्याकुमारीपर्यंत जाते. मग हा पक्षी माथेरानला, महाबळेश्वरला किंवा आमच्या येऊरला का नसावा? महाबळेश्वरही उंच आहे, तिथेही सदाहरित जंगल आहे आणि पावसाचे तर विचारायलाच नको.

तिसरी गोष्ट सांगायला मला थोडे जड जाते. पक्षी दिसेनासा झाल्यावर आमच्यासोबतच्या वाटाड्याने फोनवर त्याच पक्ष्याच्या आवाजाचे ध्वनिमुद्रण लावले. पक्षी लगेच आला, आमच्याभोवती झुडपांतून फेऱ्या मारू लागला, पंख झटकत तीन-चार वेळा जोरात गायला, आणि सगळ्यांना छायाचित्रे मिळाली. त्यानंतर जवळजवळ वीस मिनिटे त्या जागी चिडीचूप शांतता होती. आमच्यामुळे त्या जिवाला त्रास झाला का, हे मला प्रामाणिकपणे जाणून घ्यायचे आहे.

बेलापूर टेकडी (नवी मुंबई)

आपले वर्णन इतके नेमके आहे की छायाचित्राची गरजच भासली नाही. विटकरी कुशी, पाटीच्या रंगाची छाती, लांब पाय आणि जमिनीवर उड्या मारत पाने उलटण्याची सवय, हे सगळे निलगिरी शोलाकिळीकडेच बोट दाखवते. तिची लांबी साधारण पंधरा सेंटिमीटर असते. नर आणि मादी दिसायला जवळजवळ सारखेच असतात, त्यामुळे आपण पाहिलेला पक्षी नर होता की मादी हे रंगावरून सांगता येणार नाही. पिल्ले मात्र ठिपकेदार असतात.

तरीही घोटाळा कुठे होऊ शकतो ते सांगतो, कारण निलगिरीत निळ्या रंगाचे पक्षी पुष्कळ आहेत. पहिला इंडियन ब्लू रॉबिन. तो हिमालयात वीण करतो आणि हिवाळ्यात दक्षिणेच्या डोंगरांत उतरतो, झुडपांत लपूनही राहतो. पण त्याच्या नराचा गळा आणि छाती नारिंगी असते, डोळ्यावर ठळक पांढरी भुवई असते, आणि मे महिन्याच्या मध्यावर तो परत हिमालयात पोहोचलेला असतो. दुसरा निलगिरी फ्लायकॅचर. तोही निळा, पण तो फांदीवर बसून उडते किडे पकडतो. त्याला ओंडक्यावर पाने उलटताना आपण पाहणार नाही. शीळकरी कस्तूर आकारानेच कितीतरी मोठा. उरली पांढऱ्या पोटाची शोलाकिळी. ती खरी सख्खी बहीण, पण तिच्या कुशी विटकरी नसतात आणि ती पालघाट खिंडीच्या दक्षिणेलाच राहते. कोटगिरी खिंडीच्या उत्तरेला आहे. म्हणजे या एका पक्ष्याच्या बाबतीत नकाशाही ओळख पटवायला साक्षीदार म्हणून उभा राहतो.

जुन्या पुस्तकांत हा पक्षी शोधायचा असेल तर शॉर्टविंग या नावाखाली पाहावे, कारण शोलाकिळी हे नाव पुस्तकांत अलीकडे आले आहे. तमिळ आणि मल्याळम भाषांत किळी म्हणजे पाखरू, त्यामुळे शोलाकिळी म्हणजे शोलातले पाखरू. मला हे नाव फार आवडते. ज्याला जंगलाच्या नावाशिवाय ओळखच नाही, अशा पक्ष्याला दुसरे कोणते नाव द्यायचे?

कारवी (ठाणे)

आपल्या दुसऱ्या प्रश्नावर मीही बरीच वर्षे विचार करत आलो आहे, कारण माझीही सुरुवात येऊरच्या पाटोणपाड्याकडच्या वाटेवरच झाली. उत्तर थोडे लांबेल.

सह्याद्री एकच रांग आहे हे नकाशावर खरे आहे, पण शोलाकिळीच्या दृष्टीने ती रांग नसून बेटांची माळ आहे. या पक्ष्याला उंचावरचे, थंड, धुक्यात भिजलेले सदाहरित जंगल लागते, आणि तसे जंगल दक्षिणेत साधारण बाराशे-चौदाशे मीटरांच्या वरच नीट आढळते. खाली उतरले की हवा तापते, जंगलाचा प्रकार बदलतो, आणि पंख आखूड नि गोलसर असलेला हा पक्षी ती दरी ओलांडून पलीकडच्या शिखरावर जाण्याच्या फंदात पडत नाही. समुद्रातल्या बेटाला जसे पाणी, तसे त्याच्या डोंगराला सखल, उष्ण प्रदेश. अभ्यासक या शिखरांना आकाशातील बेटे म्हणतात, ते यामुळेच.

आता आपल्याकडचे डोंगर पाहा. माथेरान आठशे मीटरांच्या आसपास आहे. येऊरचे डोंगर त्याहूनही पुष्कळ ठेंगणे. महाबळेश्वर साडेतेराशे मीटरांच्या घरात आणि कळसूबाई १,६४६ मीटर, म्हणजे उंची अगदीच कमी नाही. पण महाबळेश्वरचा प्रचंड पाऊस जवळजवळ सगळा जून ते सप्टेंबर या चार महिन्यांत कोसळतो आणि पुढे सात-आठ महिने डोंगर वाळत जातो. निलगिरीला नैर्ऋत्य मोसमी पावसाबरोबर ऑक्टोबर-नोव्हेंबरचा परतीचा पाऊसही मिळतो, आणि मध्ये धुके असतेच. आपण ज्या ओल्या पानाचे वर्णन केले, ते पान महाबळेश्वरला मार्चमध्ये पायाखाली कुरकुरते. ओल गेली की पानांखालचे किडे खोल जातात, आणि वर्षभर जमिनीवरच पोट भरणाऱ्या पक्ष्याचे तिथे भागत नाही. त्यातच गोव्याच्या वरच्या बाजूला आणि उत्तर कर्नाटकात सह्याद्रीची धार बरीच खाली येते. निलगिरी शोलाकिळी उत्तरेकडे ब्रह्मगिरी आणि बाबाबुडनच्या डोंगरांपर्यंत भेटते. त्यापुढे तिला पाय टेकायला उंच, ओली पायरीच मिळत नाही. माझ्या मते उंची, ओल आणि मधली तुटलेली साखळी या तिन्ही गोष्टी मिळून आपल्या प्रश्नाचे उत्तर होते. एकट्या उंचीने ते सुटत नाही.

दक्षिणेतही हाच प्रकार आहे आणि तो अधिक ठळक आहे. पालघाट खिंड सुमारे तीस किलोमीटर रुंद आहे आणि तिचा तळ इतका सखल आहे की केरळात जाणारी रेल्वे तिथूनच जाते. खिंडीच्या उत्तरेला निलगिरी शोलाकिळी. दक्षिणेला अनैमलै, पळनी आणि वेलदोड्याच्या डोंगरांत पांढऱ्या पोटाची शोलाकिळी. आणि त्याहून दक्षिणेला, शेनकोट्टा खिंडीच्या पलीकडे, अशांबू डोंगरांतील तिसरी. पालघाटच्या दोन बाजूंच्या पक्ष्यांचे मार्ग लाखो वर्षांपूर्वीच वेगळे झाले आहेत. आपण आगगाडीच्या खिडकीतून अर्ध्या-पाऊण तासात जी खिंड पार करतो, ती या पाखराने तेवढ्या काळात ओलांडली नाही.

हिचे गोत्र कोणते हेही अनेक वर्षे नीट कळले नव्हते. आधी तिला हिमालय आणि आग्नेय आशियातील शॉर्टविंगमध्ये, म्हणजे ब्रॅकिप्टेरिक्स या प्रजातीत (जवळच्या जातींच्या गटात, इंग्रजीत जीनस) टाकले होते. २००५ साली मायोमेला या प्रजातीत हलवले गेले. शेवटी २०१७ साली संशोधक व्ही. व्ही. रॉबिन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी जनुकीय पुरावा, आवाज आणि शरीराची मापे एकत्र तपासून दाखवले की ती या दोहोंपैकी कुणाचीच नाही, आणि तिच्यासाठी शोलिकोला ही नवी प्रजाती मांडली. अशांबूची तिसरी शोलाकिळीही त्याच शोधनिबंधातून पुढे आली. ठाणेकरांसाठी यातली खरी मौज पुढे आहे. शोलाकिळीचे जवळचे नातलग निघाले ते निळे माशीमार आणि त्यांचे भाऊबंद. येऊरला ओढ्याच्या कडेने जाताना नारिंगी छातीचा टिकेलचा निळा माशीमार आपण सगळ्यांनीच पाहिलेला असतो. तो या दुर्मीळ पाखराचा दूरचा भाऊ आहे. शोलाच्या झुडपांतही आपल्या कारवीच्या कुळातल्या वनस्पती दाटीने वाढतात, निळी कुरिंजी त्यांचीच बहीण. शोलाकिळी आपल्याकडे नसली तरी तिची सोयरीक आपल्या अंगणापर्यंत आलेली आहे.

आणखी एक धागा, जो मराठी वाचकाला ठाऊक असावा असे मला मनापासून वाटते. पांढऱ्या पोटाच्या शोलाकिळीचे नमुने पळनीच्या डोंगरांतून मिळवले ते रेव्हरंड सॅम्युएल फेअरबँक यांनी, आणि त्यावरून विल्यम ब्लॅनफर्ड यांनी १८६०च्या दशकात तिचे शास्त्रीय वर्णन केले. हे फेअरबँक अमेरिकन मराठी मिशनचे. त्यांचे आयुष्य तेव्हाच्या अहमदनगर जिल्ह्यात, वडाळ्यासारख्या गावी, मराठी माणसांत मराठी बोलत गेले. खंडाळा, महाबळेश्वर, बेळगाव आणि अहमदनगर परिसरातील पक्ष्यांची त्यांची यादी १८७६ साली स्ट्रे फेदर्स या नियतकालिकात छापली गेली. म्हणजे ज्या माणसाने आपला सह्याद्री पायाखाली घातला होता, त्यालाही शोलाकिळी भेटली ती पळनीच्या शोलातच. पळनीच्या एका कल्लोळी पक्ष्याला, लाफिंगथ्रशला, त्यांचेच नाव आहे.

लेन्स आणि वाट (खारघर)

कारवी यांचा प्रतिसाद जपून ठेवावा असा आहे. तिसऱ्या प्रश्नावर माझे मत थोडे वेगळे आहे. आपण शेकडो किलोमीटर प्रवास करून, रजा काढून, एका सकाळीसाठी जातो. अर्ध्या मिनिटाचे ध्वनिमुद्रण एकदा लावल्याने पक्ष्याचे फार बिघडते असे मला वाटत नाही. ज्याने पक्षी डोळ्यांनी पाहिला तोच उद्या त्या जंगलासाठी उभा राहतो. न दिसलेल्या पक्ष्याविषयी किती जणांना आस्था वाटेल? अतिरेक नको, हे मलाही मान्य आहे.

कर्नाळ्याचा पायथा (पनवेल)

आपण चांगल्या हेतूने लिहिले आहे, म्हणून मीही मोकळेपणाने लिहितो. माझा विरोध आहे आणि तो माझ्या स्वतःच्या चुकीतून आलेला आहे.

काही वर्षांपूर्वी जूनच्या पहिल्या पावसात कर्नाळ्याच्या बाजूला एक नवरंग पक्षी बोलत होता. मी फोनवर त्याचीच शीळ लावली. तो खाली आला, माझ्यापासून सात-आठ फुटांवर उभा राहिला, आणि त्याच्या चोचीत घरट्यासाठी उचललेले मुळांचे तंतू होते. मी आवाज पुन्हा लावला. त्याने ते तंतू टाकले आणि उत्तर द्यायला सुरुवात केली. दहा-बारा मिनिटे तो एका फांदीवरून दुसऱ्या फांदीवर जात नसलेल्या प्रतिस्पर्ध्याला शोधत राहिला. ते तंतू पावसात भिजून वाटेवर तसेच पडून होते. त्या दिवशी छायाचित्र उत्तम आले. ते मी आजवर कुणाला दाखवलेले नाही.

आपण म्हणता ते अर्धे मिनिट आपल्यापुरते एकदाच असते. पण शोलाकिळीच्या बाजूने हिशेब मांडून पाहा. जिथे सहज पोहोचता येते असे शोला मोजकेच, त्यांतल्या ठरावीक वाटा त्याहून मोजक्या, आणि प्रत्येक वाटेवर आपली हद्द राखून बसलेली तीच ती जोडी. सुटीच्या हंगामात प्रत्येक गट आपापले अर्धे मिनिट लावतो, म्हणजे त्या जोडीला रोज सकाळी नवा शत्रू दारात उभा दिसतो. मे महिना तर विणीचाच काळ. खोडाच्या ढोलीत किंवा दरडीच्या खबदाडात शेवाळाचे घरटे असते, त्यात बहुधा दोनच अंडी असतात, आणि नर जेव्हा आमच्याभोवती पंख झटकत फिरतो तेव्हा त्याचे घरटे कुणीतरी मोकळेच सोडलेले असते. पंख झटकणे, जवळून फेऱ्या मारणे, नंतर एकदम गप्प होणे, ही येऊरची पायवाट यांनी लिहिलेली लक्षणे ताणाचीच आहेत. त्यांना वाटलेली टोचणी योग्य होती, आणि ती त्यांनी इथे लिहिली याबद्दल मला त्यांचा आदर वाटतो.

शिवाय हा पक्षी जागतिक यादीत धोक्यात असलेला म्हणून नोंदलेला आहे. इंग्रजांच्या काळापासून निलगिरीचे शोला आणि त्यांच्यामधली गवताळ माळराने चहा, निलगिरीची झाडे आणि वॉटल (बाहेरून आणलेली बाभळीच्या जातीची झाडे) यांनी व्यापली. जे तुकडे उरले त्यांत राहणाऱ्या जोडीला तिथून हुसकावले तर ती कुठे जाणार? शेजारच्या मळ्यात ती संसार थाटू शकत नाही. येऊरचा सातभाई दचकला तर पुढच्या झुडपात जातो; शोलाकिळीचे पुढचे झुडूप कित्येकदा दुसऱ्या डोंगरावर असते.

पाहायचेच असेल तर उजाडण्याच्या आधी वाटेवर पोहोचावे, ओढा जिथे वाट ओलांडतो अशी जागा निवडावी, झाडाला पाठ टेकून खाली बसावे आणि बोलणे पूर्ण बंद ठेवावे. पहाटे आणि सांजवेळी हा पक्षी वाटेच्या कडेला किडे टिपायला स्वतःहून येतो. भडक कपड्यांपेक्षाही हालणारा हात त्याला अधिक खुपतो, म्हणून दुर्बीण आधीच डोळ्यांच्या उंचीला धरून ठेवावी. अर्धा-पाऊण तास लागतो, कधी दोन सकाळी जातात.

येऊरची पायवाट (ठाणे)

सर्वांचे मनापासून आभार. ओळख पटली याचा आनंद आहेच, पण फेअरबँक यांच्याविषयी वाचून मी आईला मुद्दाम फोन केला, कारण तिचे माहेर वडाळ्यापासून फार दूर नाही आणि तिने हे नाव मिशनच्या संदर्भात ऐकले होते, पक्ष्यांच्या संदर्भात कधीच नाही.

कर्नाळ्याचा पायथा यांनी सांगितलेली पद्धत मी गेल्या रविवारी येऊरलाच करून पाहिली. कारवीच्या जाळीपाशी, ओढ्याच्या कोरड्या पात्रात एका दगडाला टेकून बसले. पहिली वीस मिनिटे डासांशिवाय कुणीही आले नाही. मग पाचोळ्यात सरसर झाली आणि पफ-थ्रोटेड बॅबलरची जोडी चालत बाहेर आली, उडत नव्हे, चालत. पांढरा गळा, छातीवर तपकिरी रेघा, गुलाबी पाय. त्यातल्या एकाने माझ्या बुटापासून हातभर अंतरावरचे सागाचे पान उचलून बाजूला सारले आणि त्याखाली काही नाही असे पाहून तसाच पुढे गेला. सात वर्षे मी या पक्ष्याची शीळ ऐकत होते आणि तो दिसत नाही म्हणून पुढे चालत होते.

आमच्या वाटाड्यालाही मी कळवले. त्याचे उत्तर सरळ होते: छायाचित्र मिळाले नाही तर पाहुणे नाराज होतात आणि पुढच्या वेळी दुसऱ्याला घेतात. म्हणजे ध्वनिमुद्रण नको हे आम्हीच आरक्षण करताना सांगायला हवे होते. त्याने ते आमच्यासाठीच लावले होते. डिसेंबरात आम्ही पुन्हा जायचे ठरवत आहोत, या वेळी कोडाईकनालला, पांढऱ्या पोटाच्या शोलाकिळीसाठी. विणीचा काळ नसेल, त्यामुळे ती कदाचित फारशी गाणारही नाही, आणि न दिसताच परत यावे लागेल याची तयारी आहे. तीन सकाळी राखून ठेवल्या आहेत आणि वाटाड्याला आवाज न लावण्याची अट आधीच कळवली आहे. ठाणे किंवा नवी मुंबईतून कुणाला याच अटीवर यायचे असेल तर दोन जागा आहेत.